भरलेली व्हॅन, रिकामी व्हॅन आणि स्नो

दिवाळी आटोपली की मला दरवर्षी तीन-चार फोन येतात. मुलगा नाहीतर मुलगी नुकतीच कॅनडात, टोरोंटोकडे आलेली असते. ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागात बेसमेंट भाड्याने घेतलेलं असतं आणि पार्सलच्या किंवा जेवणाच्या डब्यांच्या डिलिव्हरीचं काम लागलेलं असतं. प्रश्न एकच: "काका, स्नोमध्ये व्हॅन जमेल ना?"

जमते. पण माझ्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट आधी ऐका. मी खंबाटकीत टेम्पो चालवून आलेला माणूस. पाऊस, धुकं, समोरून डिपर मारत येणारे ट्रक, सगळं बघून झालेलं. त्यामुळे इथला सपाट, रुंद रस्ता मला काय शिकवणार, असा तोरा होता. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, सगळी पार्सलं देऊन झाल्यावर, एका रिकाम्या गल्लीत स्टॉप साइनला ब्रेक दाबला. ताशी जेमतेम वीसचा वेग. गाडीचं तोंड जागेवर, मागचा भाग मात्र सावकाश उजवीकडे निघाला आणि कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात जाऊन बसला. गाडीला काही झालं नाही, तोरा मात्र उतरला. त्याच वळणावरून सकाळी मी भरलेली व्हॅन घेऊन आरामात गेलो होतो.

व्हॅनची मेख इथेच आहे. मोटारीचं वजन दिवसभर साधारण तेवढंच राहतं. डिलिव्हरीची व्हॅन सकाळी एक गाडी असते आणि संध्याकाळी दुसरी. संध्याकाळची गाडी मागून हलकी झालेली असते, दिवसभर वितळलेलं पाणी पुन्हा गोठत असतं आणि तुम्ही दमलेले असता. खाली जे सांगतोय ते ही गोष्ट डोक्यात ठेवून वाचा.

शब्दांचंही आधीच सांगतो. मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतात, पण इथे ते परवडत नाही. आमच्या घरच्या बोलण्यात आभाळातून पडतो तो स्नो, त्याचा मिठाने झालेला राखाडी चिखल म्हणजे स्लश आणि गोठून काचेसारखा झालेला तो बर्फ. तिन्हींवर गाडी वेगळी वागते.

आधी टायर, मग बाकी सगळं

ऑन्टारियोत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, विंटर टायर सक्तीचे नाहीत. शेजारच्या क्यूबेकमध्ये तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च ते लावावेच लागतात. सक्ती नाही म्हणून इथे बरेच जण ऑल-सीझनवर, म्हणजे बारमाही म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरवर, भागवतात. नावावर जाऊ नका. साधारण ७ अंशांच्या खाली त्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, म्हणजे स्नो पडायच्या कितीतरी आधीपासून पकड कमी झालेली असते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं.

विकत घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं 'एम अँड एस' (मड अँड स्नो) लिहिलेलं पुरेसं नाही. चारही टायर बदला. पैसे वाचवायला पुढचेच दोन बदलले तर पुढची चाकं धरतील, मागची सुटतील आणि माझ्यासारखे ढिगाऱ्यात बसाल. व्हॅनसाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे टायरची भार पेलायची क्षमता. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावरचा आकार आणि हवेचा दाब दुकानदाराला दाखवा. मोटारीचे स्वस्त टायर मालाच्या गाडीला बसवून घेऊ नका.

जुने टायर घेत असाल तर नक्षी मोजा. कायद्याने दीड मिलिमीटर चालते, पण ४ मिलिमीटरच्या आसपास झिजलेला टायर स्नोसाठी निकामी समजावा. हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघण्याआधी तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय घटतो. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत तेवढी उरत नाही.

गाडी मालकाची असेल तर किल्ली हातात घेण्याआधी टायर बघा. "पुढच्या आठवड्यात बदलू" हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मालकांकडून ऐकलंय आणि तो पुढचा आठवडा एप्रिलपर्यंत आला नाही. गाडी तुमची असेल तर दोन गोष्टी इन्शुरन्सवाल्याला विचारा. १ जानेवारी २०१६ पासून ऑन्टारियोत विंटर टायर लावणाऱ्याला सवलत देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, ती घ्या. आणि आपण डिलिव्हरी करतो हे त्यांना स्पष्ट सांगा. घरगुती वापराच्या पॉलिसीवर पार्सलं वाटताना ठोकली तर भरपाई नाकारली जाऊ शकते.

टायरसोबत बॅटरीही तपासून घ्या. उणे १८च्या आसपास बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. जुनी बॅटरी सप्टेंबरात कुरकुरते आणि जानेवारीत मान टाकते. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत पुरतं. काच धुण्याचं उन्हाळी पाणी टाकीत असेल तर संपवून उणे ४० लिहिलेलं भरा. आणखी एक कॅन गाडीत ठेवा. हायवेवर पुढच्या ट्रकने उडवलेलं मिठाचं पाणी काचेवर वाळलं की पांढरा पडदा धरतो, आणि ऐन तेव्हाच टाकी रिकामी होते.

फोनवर 'उणे २८सारखं वाटेल' असं दिसलं म्हणून इंजिनच्या काळजीने झोप घालवू नका. वाऱ्याचा गारठा कातडीला लागतो. इंजिन हवेच्या खऱ्या तापमानाच्या खाली जात नाही. तुमची बोटं आणि कानाच्या पाळ्या मात्र तेवढ्या गारठ्यात दहा ते तीस मिनिटांत गोठू शकतात.

सकाळची वीस मिनिटं

स्नो पडलेल्या दिवशी गजर वीस मिनिटं आधीचा लावा. या वीस मिनिटांचे पैसे कुणी देत नाही, तरी लावा.

सगळ्यात आधी मागे जाऊन एक्झॉस्ट पाइप मोकळा करा, मगच इंजिन चालू करा. पाइप स्नोने बुजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका, दार अर्धं उघडं असलं तरीही. मग काचेवर गरम हवा सोडा आणि बाहेरचं काम सुरू करा. किल्ली आत ठेवून, इंजिन चालू टाकून चहा प्यायला घरात जाऊ नका. चोराला ही आयती गाडी असते.

टपापासून सुरुवात करा. व्हॅनचं टप उंच, हात पोचत नाही, म्हणून लोक टप सोडून देतात. मग पहिल्या सिग्नलला ब्रेक मारला की टपावरचा सगळा थर पुढच्या काचेवर येतो आणि वायपर त्याच्याखाली गाडला जातो. नाहीतर हायवेवर तो मागच्या गाडीवर उडतो. लांब दांड्याचा फोमचा ब्रश आणि दोन पायऱ्यांचं स्टूल घ्या. गॅलरी झाडायचा खराटा वापरू नका, रंगावर ओरखडे येतात. काचेवरचा बर्फ स्क्रेपरने खरवडा. गरम पाणी कधीच ओतू नका, काच तडकते.

मग सगळ्या काचा, आरसे, हेडलाइट, मागचे दिवे, नंबर प्लेट आणि कॅमेरा. समोर दोन हातांएवढी खिडकी करून निघणारे दिसतात. त्यांना पोलीस अडवतात, आणि बरोबर करतात.

व्हॅनची पाठ सपाट असते, त्यामुळे चालत्या गाडीमागे हवा घुमते आणि स्लश उडून मागच्या दारावर चिकटतं. अर्ध्या तासात मागचे दिवे आणि कॅमेरा पार झाकला जातो. म्हणून माल काढायला मागे जाल तेव्हा दर वेळी हाताने दिवे पुसा. शिवाय एलईडी हेडलाइट जुन्या बल्बसारखे तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा स्नो वितळत नाही. तेही पुसायचे.

दिव्यांचं आणखी एक गौडबंगाल आहे. कॅनडात १ डिसेंबर १९८९नंतर बनलेल्या गाड्यांना दिवसाचे दिवे आपोआप लागतात. समोर उजेड दिसतो, म्हणून माणसाला वाटतं सगळे दिवे लागलेत. पण बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये त्या वेळी मागचे दिवे बंदच असतात. पडत्या स्नोमध्ये मागून तुम्ही अदृश्य. हेडलाइटचं बटण हाताने फिरवा. अप्पर मारू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते.

आतून काच धुक्यासारखी होते, त्याचं कारण बहुतेक वेळा मागे असतं. स्नो लागलेली पार्सलं आणि ओले बूट यांची वाफ होऊन ती काचेवर बसते. पार्टिशन नसलेल्या व्हॅनमध्ये हा त्रास दुप्पट. पार्सल आत ठेवण्याआधी झटका, बूट एकमेकांवर आपटून बसा. एसी लावा. हो, थंडीतही एसी. एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर ती गरम करतो. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा.

माल कुठे रचायचा

फोर्ड ट्रान्झिट कनेक्ट, निसान एनव्ही२००, रॅम प्रोमास्टर सिटी या लहान व्हॅन आता इथे नव्या मिळत नाहीत, पण सेकंडहँड बाजार त्यांच्यावरच चालतो. या तिघींना पुढची चाकं ओढतात. गावाकडे मारुती ईको चालवलेल्याला हे उलटं वाटतं, कारण ईकोला मागची चाकं ढकलतात. मोठी फोर्ड ट्रान्झिट साधारणपणे आणि जीएमसी सव्हाना ईकोच्या जातीतल्या. आपली कुठली ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण रचायची पद्धत त्यावर ठरते.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत जड माल शक्य तितका पुढे, पार्टिशनला टेकून ठेवा. मागच्या दाराशी, चाकांच्याही मागे ढीग केलात तर तराजूसारखं होतं. मागचं पारडं खाली गेलं की पुढचं उचलतं, आणि ओढायचं काम करणारी चाकंच हलकी होतात. मग अंडरपासमधून वर येताना चाक जागीच गरगरतं. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत माल मागच्या चाकांच्या बरोबर वर असावा. रिकामी असताना काही जण तिथे वाळूच्या गोण्या टाकतात. हरकत नाही, फक्त बांधा. मोकळी गोणी ब्रेक मारल्यावर थेट तुमच्या पाठीत येते. पुढची चाकं ओढणाऱ्या व्हॅनमध्ये मागे वाळू भरून ओढ वाढत नाही, उगाच पेट्रोल जळतं.

रूटप्रमाणे पार्सलं काढताना सहसा एक बाजू आधी रिकामी होते. दुपारी एकदा थांबून उरलेला माल पुढे ओढून घ्या. पाच मिनिटं लागतात.

रस्त्यावर

गल्लीतून बाहेर पडण्याआधी, मागे कोणी नाही बघून, वीसच्या वेगात एकदा ब्रेक दाबून बघा. आज रस्ता काय देतोय ते कळतं. हवामानाचं ॲप हे सांगत नाही.

बाकी सगळं चालवणं म्हणजे शेजारच्या सीटवर झाकण नसलेलं वरणाचं पातेलं ठेवून चालवणं. ॲक्सिलरेटर हळू, ब्रेक हळू, स्टेअरिंग हळू, आणि एका वेळी एकच काम. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक, मग ब्रेक सोडून वळण, वळून झाल्यावर वेग. वळताना ब्रेक मारला की चाकाला दोन कामं एकदम पडतात आणि ते दोन्ही सोडून देतं.

पुढच्या गाडीपासून किमान सहा सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन" असं मोजायला लागा. एकशे सहाच्या आधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर जवळ आहात. मध्ये कोणीतरी घुसतोच. घुसू द्या आणि परत मागे व्हा. आपल्या हाताला हे जड जातं, कारण मुंबई-पुण्यात एवढी जागा सोडली की तिथे दोन रिक्षा आणि एक ॲक्टिव्हा मावते.

जोरात ब्रेक लागला आणि पायाखाली पेडल खरखर थरथरलं तर घाबरून पाय काढू नका. ते एबीएस आहे, ब्रेक लागल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतंय. दाबून ठेवा आणि स्टेअरिंगने वाट काढा. जुन्या टेम्पोसारखं पंप करायचं नाही. सप्टेंबर २०११पासून कॅनडात नव्या हलक्या गाड्यांना ईएससी, म्हणजे घसरगुंडी सावरणारी यंत्रणा, सक्तीची आहे. ती बरंच काही सावरते. पण बर्फावर मुळात पकडच नसेल तर ती तरी कुठून आणणार?

गाडी घसरलीच तर ती कुठून घसरली हे ओळखायला हवं. वळवूनही सरळच चालली, तर पुढची चाकं सुटलीत: ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग आणखी फिरवू नका, उलट किंचित सरळ करा, चाकं पुन्हा धरतील. मागचा भाग फिरायला लागला, तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही सोडा, जिथे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टेअरिंग न्या. ज्या खांबावर आदळायची भीती आहे त्याच्याकडे बघू नका, हात डोळ्यांच्या मागे जातात. हे वाचून येत नाही. पहिल्या स्नोनंतर एखाद्या रविवारी, परवानगी घेऊन, मोकळ्या पार्किंगमध्ये रिकामी व्हॅन नेऊन मुद्दाम घसरवून बघा. मी माझ्या पुतण्याला असंच शिकवलं. तासाभरात तो खिदळायला लागला, पण हात शिकले.

घाटातला एक धडा इथे जसाच्या तसा चालतो. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. ऑटोमॅटिक असली तरी उताराआधीच खालच्या गिअरवर या आणि ब्रेकला आराम द्या. चढावर मात्र पायथ्याशी थोडा वेग घेऊन तो तसाच टिकवा. पुढची गाडी वर पोचेपर्यंत खालीच थांबा. मध्यावर थांबलात की संपलं.

आता काळा बर्फ. काळा नसतोच, पारदर्शक असतो आणि खालचं डांबर दिसतं. कोकणात पावसाळ्यात पाखाडीचा दगड नुसता ओला दिसतो आणि पाय ठेवला की शेवाळ कळतं, अगदी तसंच. ओळखायची माझी खूण म्हणजे पुढच्या गाडीची चाकं. रस्ता ओला दिसतोय आणि चाकांमागे तुषार उडतायत, तर पाणी आहे. ओला दिसतोय आणि तुषार थांबलेत, तर बर्फ आहे. पूल आणि फ्लायओव्हर आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. झाडांच्या आणि भिंतींच्या सावलीत तो दुपारीही शाबूत असतो.

नवख्यांना उणे पंधराची धास्ती असते. मला शून्याच्या आसपासची जास्त आहे. उणे पंधरात दाबला गेलेला स्नो बुटाखाली करकर वाजतो आणि टायरला बऱ्यापैकी धरतो. शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, त्यावर काहीच धरत नाही. मात्र उणे दहाच्या खाली मिठाचा जोर ओसरायला लागतो, त्यामुळे कालचा काळाभोर साफ रस्ता आजही तसाच असेल असं धरून चालू नका.

हायवेवर निळे दिवे लुकलुकत स्नो साफ करणारे ट्रक दिसले तर मागे राहा. ४०१ नंबरच्या हायवेवर ते एकामागे एक तिरके, सगळ्या लेन अडवून चालतात. त्यांच्या मधल्या फटीतून घुसू नका. त्यांच्या मागचा रस्ता साफ असतो आणि मीठही ताजं असतं, यापेक्षा चांगली जागा त्या दिवशी हायवेवर नाही. घाटात पाटी असते ना, 'अति घाई संकटात नेई', ती इथे लावायला हवी.

उत्तरेला बॅरी शहराकडे ४०० नंबरच्या हायवेवरून जायची वेळ आली तर आधी ऑन्टारियो ५११, म्हणजे रस्त्यांची स्थिती सांगणारी सरकारी सेवा, बघा. जॉर्जियन बे आणि लेक ह्युरॉनवरून येणारा थंड वारा पाण्यावरून वाफ उचलतो आणि किनाऱ्यापलीकडे अरुंद पट्ट्यांत स्नो ओततो. त्याला स्क्वॉल म्हणतात. ऊन पडलेलं असतं आणि दोन मिनिटांत बॉनेट दिसेनासं होतं. फेब्रुवारी २०१४मध्ये बॅरीजवळ ४००वर अशाच वेळी नव्वदहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या. असं झालं तर हळूहळू वेग कमी करा आणि पुढच्या एक्झिटने बाहेर पडा. लेनमध्ये थांबू नका. व्हॅनच्या सपाट कुशीला आडवा वारा ढकलतो, रिकामी असेल तर जास्तच. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा.

फोन हातात घ्यायचा नाही, हे निक्षून सांगतो. पहिल्याच गुन्ह्याला दंडासोबत ३ दिवस लायसन्स निलंबित होतं आणि जी२वाल्याचं, म्हणजे पक्कं लायसन्स अजून न मिळालेल्या नवख्याचं, ३० दिवस. ३० दिवस म्हणजे नोकरी गेली. पत्ता गाडी थांबवूनच बघा.

स्टॉपवर

हिवाळ्यात थोडक्यात बचावायचे माझे बहुतेक प्रसंग रस्त्यावर नाहीत, ड्राइव्हवेमध्ये, म्हणजे घरापुढच्या गाडी लावायच्या वाटेवर घडलेत. साफ न केलेल्या ड्राइव्हवेत व्हॅन घालू नका. प्लाऊ, म्हणजे स्नो साफ करणारा ट्रक, गल्लीतून गेला की प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी जड ढेकळांचा बांध टाकून जातो. तो मऊ दिसतो, पण गाडीचं पोट त्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत. रस्त्यावर, इतरांना वाट ठेवून, चाकाखाली टणक जमीन बघून थांबा आणि चालत जा. उतार असेल तर नाक उताराकडे ठेवा, निघताना सोपं पडतं.

उतरताना उडी मारू नका. एक हात दाराच्या दांडीला, पाय सपाट, पावलं बदकासारखी छोटी. बुटांना चढवायच्या काट्यांच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्या घ्या. मात्र त्या चढवून गाडी चालवू नका, पेडलवरून पाय घसरतो. पार्सलचा मनोरा डोळ्यांपर्यंत रचून पायऱ्या चढू नका. दोन फेऱ्या मारा.

सरकतं दार गोठतं, त्याला ओढाताण केली की हँडल हातात येतं. आठवड्यातून एकदा रबरांना सिलिकॉन स्प्रे मारा आणि रुळातला स्लश काढा. चाकांच्या कमानीत साचलेला स्लशही पायाने पाडा. तो गोठला की स्टेअरिंग पूर्ण फिरत नाही. हायवेवर अचानक स्टेअरिंग थरथरायला लागलं तर मेकॅनिककडे धावण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला बर्फ चिकटलाय का बघा. मी एकदा व्हील बॅलन्सिंगचे पैसे देऊन आलो होतो.

अडकलात तर

चाक एकाच जागी फिरतंय असं कळलं की थांबा. फिरवत राहिलात तर खालचा स्नो वितळून काच होते. उतरा, चाकांपुढचा, मागचा आणि पोटाखालचा स्नो काढा, चाकं सरळ करा, गाडी ओढणाऱ्या किंवा ढकलणाऱ्या चाकांखाली वाळू किंवा कॅट लिटर (मांजराच्या शी-शूसाठीची खडीसारखी माती) टाका. काही नसेल तर पायपुसण्या टाका. मग हलकेच पुढे, हलकेच मागे, झोक्यासारखं. या वेळी ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे चाकाचं गरगरणं रोखणाऱ्या यंत्रणेचं, बटण बंद करा, नाहीतर ते चाक फिरूच देत नाही. निघाल्यावर परत चालू. ढकलणारा कोणी असेल तर तो चाकाच्या मागे नाही, बाजूला उभा राहील.

गाडीत एवढं हवंच: फावडं, वाळू, जंपर केबल, टॉर्च, ब्लँकेट, सुके हातमोजे, फोनचा चार्जर, पाणी आणि खायला काहीतरी. माझ्याकडे शेंगदाण्याची चिक्की असते, ती गोठून दगड झाली तरी चघळता येते. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

हायवेवर अडकून पडलात तर गाडी सोडून चालायला लागू नका. मदत बोलवा आणि आत बसा. तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा, दर वेळी आधी एक्झॉस्ट पाइप मोकळा करून आणि एक काच बोटभर उघडी ठेवून.

संध्याकाळ

शेवटचे दहा स्टॉप. साडेचार-पाचला अंधार पडतो, पारा उतरतो, दिवसभर वितळून रस्त्यावर आलेलं पाणी गोठतं. आणि व्हॅन रिकामी. पुढची चाकं ओढणारी रिकामी व्हॅन फसवते, कारण ती निघते छान. पुढे इंजिनचं वजन असतं ना. त्यावरून पकड चांगली आहे असा समज होतो, आणि पुढच्या वळणावर हलकी शेपूट सुटते. म्हणून जिथे सकाळी चाळीसने गेलात तिथे संध्याकाळी तीसने जा, रस्ता तोच दिसत असला तरी. वेळ जाईल हे धरून दुपारच्या जेवणाआधी लांबचे आणि चढाचे पत्ते उरका. रूट ॲपने ठरवलेला असला तरी डिस्पॅचरशी बोलून बऱ्याचदा क्रम बदलता येतो.

एका दिवशी मात्र जाऊच नका: फ्रीझिंग रेनच्या. पाऊस पडताच गोठतो आणि झाड, तार, पायरी, रस्ता, सगळ्यावर काचेचं आवरण चढतं. डिसेंबर २०१३मध्ये नाताळच्या तोंडावर टोरोंटोत हे झालं आणि लाखो घरांची वीज गेली. त्यावर विंटर टायरही चालत नाही. स्नोची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी १९९९मध्ये इथल्या महापौरांनी स्नो उपसायला लष्कर बोलावलं होतं आणि देशभर त्यांची चेष्टा झाली होती. स्नोसाठी हे शहर तयार असतं, काचेसाठी कोणीच नाही.

पगारी नोकर असाल तर ऑन्टारियोच्या कायद्याने असुरक्षित काम नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. स्वतःच्या नावावर बिल देणारे कंत्राटदार असाल तर हे संरक्षण तुम्हाला कितपत लागू होतं ते तपासून घ्या, आणि करार करतानाच विचारा की फ्रीझिंग रेनच्या दिवशी काय. फोनवर वाद घालू नका. मेसेज पाठवा: पत्ता, वेळ, रस्त्याचा फोटो आणि "रस्ता उघडला की निघतो". लिहिलेलं राहतं.

रात्री गाडी लावताना वायपर उभे करा. सपाट जागा असेल तर हँडब्रेक ओढू नका, भिजलेली केबल गोठते आणि सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. ऑटोमॅटिक 'पी'वर पुरते. ब्रॅम्प्टनमध्ये रात्री २ ते ६ रस्त्यावर गाडी लावता येत नाही, तेव्हा जागेची सोय नोव्हेंबरातच करा. ओल्या पायपुसण्या घरात आणून वाळवा. आणि फावडंही घरात आणा. एका सकाळी माझी चारही दारं गोठली होती, आणि फावडं आत, सीटमागे उभं केलेलं, खिडकीतून मला स्वच्छ दिसत होतं.